आदर्श घराची पाटी

सोमवार, २३ मार्च १९५३. चैत्र नुकता लागलेला. गाव ठाणाकुशनूरच्या अलीकडचं. नाव देत नाही, कारण माणसं तिथेच राहतात आणि त्यांतली काही दिवाळी अंक वाचतात. जागा चावडीपुढचं पटांगण. ऊन उतरत होतं.

हजर: पोलीस पटेल. पटवारी. आरोग्य खात्याचे सफाई निरीक्षक सत्तारसाहेब. त्याच खात्याची हेल्थ व्हिजिटर, म्हणजे मी. गावच्या तोंडी ‘नरसबाई’. गावातले बहुतेक पुरुष. बायका शेजारच्या गोठ्याच्या भिंतीआड. त्या दिसत नव्हत्या, बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. कडेला पाय लांब करून बसलेला गणपत. त्याच्या घोट्याची पट्टी सकाळी मीच बांधली होती. गैरहजर: वसुलीचं काम पाहणारे माली पटेल, नारूमुळे अंथरुणावर.

कामकाज दोन बाबींचं. एक, पाणी गाळून पिण्याची माहिती. दोन, गावातल्या आदर्श घराची निवड आणि त्या घराला पाटी. दोन्ही बाबी वेळेत उरकल्या. कुणी भांडलं नाही, कुणी उठून गेलं नाही. मी नोकरीत घेतलेल्या सभांमध्ये इतकी व्यवस्थित सभा दुसरी झाली नसेल, आणि इतकं नुकसानही दुसऱ्या कुठल्या सभेनं केलेलं नाही.

ज्यांनी नारू पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नारू म्हणजे दोऱ्यासारखा पांढरा जंत, हातभर किंवा त्याहून लांब. तो माणसाच्या अंगात वाढतो आणि पायातून बाहेर पडतो. आधी फोड येतो, आग आग होते. फोड फुटला की जंताचं टोक दिसतं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज दोन बोटं, फार तर तीन, एवढंच ओढायचं. घाई केली की तुटतो, आणि तुटला की पाय मांडीपर्यंत सुजतो. औषध नाही. माझ्या पेटीत बोरिक पावडर, पट्ट्या आणि काड्या. बाकी सगळं धीरावर.

तो येतो पाण्यातून. आमच्याकडच्या विहिरींना पायऱ्या असतात. माणूस खाली उतरून घागर बुडवतो, त्याचा फुटलेला पाय पाण्यात जातो, नारूची पिलं पाण्यात सुटतात. तिथल्या बारीक किड्यांच्या पोटात ती राहतात, आणि ते पाणी जो पितो त्याच्या पायातून साधारण वर्षानं नवा जंत निघतो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की सगळ्यांत वाईट. उपाय मात्र एखाद्या लहान पोरीलाही जमेल असा: दुहेरी कापडातून पाणी गाळायचं. किडे कापडावर राहतात.

वर्षाचं हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावं. या उन्हाळ्यात जे पोटात जाईल ते पुढच्या मिरगाला, ऐन पेरणीच्या तोंडावर, पायातून निघेल. त्यामुळे आमच्या खात्यात आज केलेल्या शहाणपणाचं फळ आज दिसत नाही, आणि मूर्खपणाचंही नाही. लोकांना हे पटवणं कठीण. हळ्ळीखेडचे एक दुकानदार माझ्यासमोर नेहमी नेमानं पाणी गाळायचे. एकदा मी जरा जास्त वेळ थांबले, तर त्यांनी गाळलेल्या रांजणात वरून एक तांब्या साधं पाणी ओतलं. विचारलं तर म्हणाले, “नुसत्या गाळलेल्याला चव न्हाई हो बाई, चवीपुरतं घातलं.”

आता त्या गावाकडे वळते. तिथे एका गल्लीत दोन घरं एकाच भिंतीला लागून होती. पलीकडचं शरणव्वाचं. ती लिंगायतांमधल्या शीलवंत घराण्यातली. त्यांच्यात लिंगपूजेचं आणि पिण्याचं पाणी गाळल्याशिवाय घेत नाहीत, आणि विहिरीवरून येताना घागरीवर ओलं फडकं टाकतात. हे नेम त्यांच्या आज्या-पणज्यांपासूनचे. नारूशी त्यांचा काही संबंध नाही. पण त्या घरात कुणाला नारू झालेला मी ऐकला नाही.

अलीकडचं घर रुक्मिणीचं. मराठ्यांचं, शेतीवालं. घरात नवरा गणपत, सासू कोंडाबाई आणि दोन मुली. दुसऱ्या बाजूला राहणारा थोरला दीर दत्तोबा. शेती सगळी एकत्र. दोन घरांमधल्या भिंतीत कधीतरी चार विटा निघाल्या होत्या आणि कुणी त्या परत बसवल्या नव्हत्या. त्या भोकातून विस्तव जाई, ताक येई, आणि दिवसभर बोलणं चाले. शरणव्वा तिला ‘रुक्मव्वा’ म्हणायची, रुक्मिणी तिला ‘अक्का’.

गणपत लागोपाठ दोन मिरगांना नारूनं पडून होता आणि यंदाही पडणार हे मार्चमध्येच दिसत होतं. दत्तोबानं घरात सांगून टाकलं होतं: आणखी एक साल बघतो. पुढच्या मिरगाला हा तिफणीमागं उभा राहिला नाही, तर वाटण्या. वाटणी झाली असती तर एका पायानं लंगडा माणूस आणि दोन लहान मुली घेऊन रुक्मिणीला वेगळं राहावं लागलं असतं. मी तिला बोटांवर मोजून दाखवलं होतं की यंदाचा मिरग हातातून गेला, पण पुढचा या उन्हाळ्यात वाचवता येईल.

ती म्हणाली, “मी गाळायलीय की नरसबाई. दिवाळीपासनं. अक्कानं फडकं दिलंय.”

म्हणजे माझं काम माझ्या आधीच झालं होतं. भोकातून विस्तव यायचा तसं फडकंही आलं होतं. कोंडाबाईंना ते माहीत होतं आणि त्यांनी त्याची काही दखल घेतली नव्हती. शेजारणीची वस्तू, वापरायलीय तर वापरू दे. गल्लीतल्या आणखी दोन-तीन मराठ्यांच्या घरांत हे रुक्मिणीकडून गेलं होतं. मी तिथून उठून निघून आले असते तर हा लेख इथेच संपला असता.

पण खात्याकडून पाट्या आल्या होत्या. पत्र्याच्या, निळ्या रंगाच्या, वर पांढऱ्या अक्षरांत ‘आदर्श घर’, तेच तीन भाषांत. कोणती भाषा सगळ्यांत वर हवी यावर तहसीलीत आधीच बरीच चर्चा झाली होती. हेतू चांगला होता: एक घर उजेडात आणायचं, म्हणजे बाकीची त्याच्यामागे येतील. मलाही तो पटला. मी घरोघरची पाहणी केली आणि शरणव्वाचं घर निवडलं. निवड बरोबरच होती, आजही ती बदलणार नाही.

सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, “एकाच गल्लीत, एकाच भिंतीला लागून दोन घरं आहेत. एका घरात कुणालाही नारू नाही. दुसऱ्या घरातला कर्ता माणूस सालोसाल पडून असतो. फरक काय? पहिल्या घरात पाणी गाळतात. त्यांच्याकडून शिका.” दुसऱ्या घरातही दिवाळीपासून गाळतात, हे मी वगळलं. नावं घेतली नाहीत. घ्यायची गरजही नव्हती; सगळ्या माना गणपतच्या पायाकडे वळल्या. पोलीस पटेलांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

सत्तारसाहेबांनी स्वतः शरणव्वाच्या चौकटीवर खिळे ठोकले. परत येताना गाडीत त्यांनी हातोडी पिशवीत ठेवली. मग म्हणाले, “बाई, तालियां तो सब बजाए. मगर हँसा कोई नइ.”

मी म्हटलं, “हसायचं काय होतं त्यात?”

“वोइच तो,” ते म्हणाले.

चैत्र संपत आला तेव्हा मी पुन्हा गेले. कमलनगरला रेल्वेतून उतरून बैलगाडीनं. आधी रुक्मिणीकडे, गणपतची पट्टी बदलायला. ओसरीवर बसले आणि पाहिलं तर भिंतीतलं भोक बुजवलेलं. विटा बसवून वरून शेणमातीनं सारवलेलं; सारवण अजून ओलसर होतं. रांजणाकडे गेले तर वर फडकं नव्हतं. ते चुलीपाशी होतं, भांडी उतरवायला.

“रुक्मिणी, पाणी गाळत नाहीस का?”

ती काही बोलायच्या आत कोंडाबाई आतून आल्या. ठेंगण्या, काटक, आवाज गल्लीभर जाणारा. “गाळंल की. गाळंल. आन् उद्या गळ्यात लिंग बी बांधून घेईल. मग सरकार आमच्या दारावर बी पाटी ठोकंल.”

“मावशी, आधी तर ती गाळत होती. तुम्हीच पाहत होतात.”

“तवा शेजारणीचं फडकं होतं. आता त्ये लिंगायताचं पाणी झालंय. तूच सांगितलीस की समद्या गावात, त्यांच्याकडनं शिका म्हणून. आमाला काय पाणी प्यायला बी येत न्हाई व्हय? आमचं पोरगं लंगडं हाय ते चारचौघांत दाखवायला कुणी सांगितलं तुला?”

गणपत खाली बघत होता. मी पट्टी सोडली, दोन बोटं जंत गुंडाळला, पुन्हा बांधली. बाकी दोन-तीन घरांत गेले. तिथेही गाळणं बंद. एकीनं तर मला दारातूनच सांगितलं, “आमी साधी माणसं हाव बाई, आदर्श न्हाई.”

मग शरणव्वाकडे. मला वाटलं होतं निदान तिथे तरी पाटी बरी दिसत असेल. पाटीवर तिनं गोणपाट टाकलं होतं.

ती म्हणाली, “बसा बाई. आमच्या मठाच्या अय्यांनी विचारलं परवा. आपण पाणी गाळतो ते लिंगासाठी का नारूसाठी? पूजा दवाखान्यात कामून नेली? आमच्या मालकांना काय उत्तर देता आलं न्हाई. आन् आमच्यातल्याच चार घरच्या म्हणायल्यात, आमी काय बिनगाळलेलं पितो का, पाटी तिलाच कामून.”

म्हणजे एका पाटीनं अलीकडच्यांना खाली बसवलं होतं आणि पलीकडच्यांना आपसात लावून दिलं होतं. मी काही समजावू लागले. तिनं हात वर केला.

“एवढी वर्षं भिंतीपलीकडं तिची बांगडी वाजली की मला कळायचं काय करायली ती. आता काहीच ऐकू येईना. तुमची पाटी घेऊन जा बाई. आन् माझी शेजारीण मला परत द्या.”

पाटी काढणं मी समजत होते तितकं सोपं नव्हतं. त्या पाटीची तहसीलीत नोंद होती आणि पुढच्याच आठवड्यात वरचे साहेब आदर्श घर पाहायला येणार होते. पाटी काढायची तर लेखी कारण हवं. ‘तिच्यामुळे गाव बिघडलं’ हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं. सत्तारसाहेबांनी तोड काढली. ते निजामाच्या काळापासूनचे नोकर, तीन प्रकारच्या साहेबांखाली काम केलेले. दुसऱ्या दिवशी ते चुन्याचं पोतं घेऊन आले आणि शरणव्वाच्या दर्शनी भिंतीला चुना मारायला घेतला.

“चूना मारते वक्त पाटी उतारना पडता,” ते मला म्हणाले. “सूखने के बाद लगाना. कब सूखता, अल्ला जाने.”

साहेब आले तेव्हा भिंत पांढरी शुभ्र होती आणि पाटी चावडीत. साहेबांना ती तिथेच आवडली. म्हणाले, सगळ्या गावाला दिसते. चावडीत ती कुणाचीच नव्हती, त्यामुळे कुणाला टोचलीही नाही. शरणव्वाच्या घरच्यांना फुकटात चुना मिळाला, यावरून मात्र पुन्हा चार दिवस बोलणं झालं.

पाटी गेली. भिंत तशीच राहिली. मला वाटत होतं की कारण काढून टाकलं की परिणामही जाईल. तसं झालं नाही. मी दर आठवड्याला गणपतच्या पट्टीच्या निमित्तानं जात होते आणि दर वेळी कोंडाबाईंना समजावत होते. एकदा काचेच्या बरणीत विहिरीचं पाणी घेऊन त्यातले किडे दाखवले. त्या म्हणाल्या, “दिसायल्यात की. माझ्या सासूनं बी हेच पिलंय, तिच्या सासूनं बी.” एकदा मुलींची शपथ घातली. तेव्हा त्या चिडल्या. “तू जितकं सांगायलीस ना, तितकं मला नकोसं व्हायलंय. आधी नुसतं नको होतं, आता तुझ्यासाठी नको हाय.”

हे त्या खरं बोलत होत्या. माझ्या प्रत्येक फेरीनं त्यांचा नकार पक्का होत होता, आणि इकडे विहिरीचं पाणी रोज पायरी-पायरीनं खाली जात होतं. रुक्मिणीच्या पुढच्या मिरगातले दिवस भराभर खर्च होत होते.

एक दिवस मी विहिरीवर गेले तेव्हा खालच्या पायरीवर शरणव्वा आणि रुक्मिणी दोघी होत्या. वरच्या पायरीवर कोंडाबाई बसल्या होत्या, सुनेवर नजर ठेवून. दोघींना एकमेकींशी बोलायची बंदी. म्हणून दोघी आपापली घागर घासत आपापल्या घागरीशी बोलत होत्या.

शरणव्वा आपल्या घागरीला म्हणाली, “काय गं बाई, धनी चालायलाय का तुझा?”

रुक्मिणी आपल्या घागरीला म्हणाली, “काठी घेऊन परसापत्तूर जातोय. तेवढंच.”

“फडकं हाय का गं?”

“चुलीपाशी गेलं.”

“दुसरं देऊ का तुला?”

“कुठनं नेऊ? वरून बघायल्यात की.”

कोंडाबाई वरून म्हणाल्या, “काय बोलायल्यात गं दोघी?”

“घागरीशी, आत्याबाई,” रुक्मिणी म्हणाली. “किती घासली तरी डाग निघंना.”

मी तिथे काही बोलले नाही. एवढी अक्कल तोवर आली होती.

वैशाखात आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या भागात त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची नवी मडकी भरतात. त्यांना करा-केळी म्हणतात. उन्हाळ्यात मेलेल्या माणसांना तहान लागू नये म्हणून. पुढे घरात तीच मडकी पिण्याच्या पाण्याला वापरतात. मी सकाळी ओसरीवर गणपतचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. जंताचं शेवटचं टोक निघत आलं होतं, पण पेरणीला उभं राहण्याइतका पाय अजून धरत नव्हता. आत रुक्मिणीनं नवा करा धुऊन पाटावर ठेवला. कोंडाबाई हळद-कुंकू घेऊन शेजारी बसल्या.

रुक्मिणी म्हणाली, “आत्याबाई, मामंजींचा करा गाळून भरू का?”

“कामून?”

“मामंजींचा नारू तुटला होता म्हणून सांगता न्हाई का तुमी. पाय कुजला, त्यातच गेले. आता तिकडं गेल्यावर बी त्यांला तसलंच पाणी पाजायचं व्हय?”

कोंडाबाईंनी हातातलं हळद-कुंकू खाली ठेवलं. गणपतनं मान वर केली. मी जंत दोन बोटांत धरून तशीच थांबले.

“कशानं गाळशील?” कोंडाबाई म्हणाल्या.

“लग्नातलं कापड हाय माझ्या पेटीत. कोरं. कुणाचं न्हाई, आपलंच.”

“घे मग.”

रुक्मिणीनं कापड आणलं आणि कऱ्याच्या तोंडावर धरलं. तेवढ्यात बुजवलेल्या भिंतीपलीकडून आवाज आला, “दुहेरी कर गं, रुक्मव्वा.” महिना-दीड महिन्यात त्या भिंतीतून आलेला तो पहिला शब्द. मला वाटलं कोंडाबाई आता उसळतील. त्यांनी नुसतं भिंतीकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, “कर की मग दुहेरी. ऐकायली न्हाईस का?”

माझा हात नकळत पिशवीतल्या पेन्सिलीकडे गेला होता. कोंडाबाईंनी ते पाहिलं. “आन् तू लिहून घेऊ नगंस. ह्ये तुझं न्हाई.”

तो करा पितरांचा झाला, आणि पितरांच्या मडक्यात दुसऱ्या दिवशी बिनगाळलेलं कसं ओतायचं? तिसऱ्या दिवशी तरी कसं? रुक्मिणीनं सासूला विचारलंच नाही, ओतत राहिली. गणपत त्यातलंच प्यायचा, मुलीही. गल्लीतल्या ज्या घरांनी गाळणं सोडलं होतं त्यांनी हे पाहिलं. पुढच्या आखितीला मराठ्यांच्या बऱ्याच घरांत करा कापडातून भरला गेला. कुणाला विचारलं तर सांगायच्या, आमच्यात असंच असतं. शरणव्वालाही एकीनं तसंच सांगितलं. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, “बरं झालं, तुमच्यात बी असतं म्हणजे.”

१९५४ चा मिरग लागला. मी मुद्दाम गाडी करून शेतापर्यंत गेले. गणपत तिफणीमागे होता, अनवाणी, दोन्ही पाय धड. दत्तोबा बैल थांबवून माझ्याकडे आला. तो कमी बोलणारा, आडदांड माणूस.

“बघा नरसबाई, पाय बघून घ्या त्याचे. आता लिहून बी घ्या. वाटणीचं मी काय बोललो न्हाई, काय बोलायचं बी न्हाई.”

“मी काहीच केलं नाही,” मी म्हणाले. हे खोटं होतं. केलं ते मुळावर आलं होतं.

“व्हय, रुक्मिणी बी तसंच म्हणाली,” दत्तोबा म्हणाला आणि बैल हाकलले.

त्याच उन्हाळ्यात भिंतीतल्या विटा पुन्हा निघाल्या. कुणी काढल्या ते दोन्हीकडच्या सांगत नाहीत.

खात्याच्या वार्षिक अहवालात त्या गावातलं यश आदर्श घराच्या पाट्यांच्या नावावर जमा झालं. मी हरकतीचं टिपण पाठवलं, त्याचं उत्तर म्हणून आणखी पाट्यांची पेटी आली. सत्तारसाहेबांनी त्या गोदामात चुन्याच्या पोत्यांवर झाकण म्हणून ठेवल्या आहेत. म्हणतात, बरसात में बहुत काम की चीज है.

इथवर सगळं ठीक. पण त्याच मिरगात घरात एक नारू निघाला. कोंडाबाईंच्या टाचेतून.

त्या गाळलेलं पित नव्हत्या. आपला वेगळा तांब्या घेऊन विहिरीवर जायच्या आणि थेट भरून प्यायच्या. मी काडी गुंडाळता गुंडाळता विचारलं, “मावशी, घरात गाळलेलं पाणी असताना?”

त्या म्हणाल्या, “त्ये पितरांचं पाणी हाय. मी अजून जिती हाय. मेल्यावर पाजा.”

मी काडी आणखी एक वेढा फिरवली. घर ज्या गोष्टीनं वाचलं त्याच गोष्टीनं म्हातारी बाहेर राहिली. तिच्या दृष्टीनं ते सरळ आहे. आणि प्रश्न तिच्या एकटीच्या टाचेचा नाही. फुटलेला पाय घेऊन ती रोज त्या पायऱ्या उतरते, म्हणजे पाण्यात नारू परत सोडते, आणि ज्या घरांत अजून गाळत नाहीत तिथे तो पोचतो. रुक्मिणी तिला पाणी आणून देते म्हणते. कोंडाबाई म्हणतात, “मला काय हात न्हाईत व्हय?” १९५५ साली तसंच. यंदाही तसंच.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर हैदराबाद राज्य राहिलेलं नसेल. आमचा बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला जाणार. सत्तारसाहेब म्हैसूर राज्यात राहतील, ते गावही. मला उदगीरला जायचं आहे, ते मुंबई राज्यात. चार्ज द्यायची यादी मी करून ठेवली आहे: गावं, विहिरी, पट्ट्या, काड्या, कुणाकडे काय सांगायचं आणि कुणाकडे नाही. माझ्या जागी कानडी बोलणाऱ्या बाई येतील असं ऐकते.

त्याआधी एक फेरी बाकी आहे. मागच्या फेरीला ठरवून गेले होते की कोंडाबाईंची टाच बांधायची, जंत गुंडाळायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. रुक्मिणीनंही आधीच बजावलं होतं, “तुमी काय सांगू नका नरसबाई. तुमी सांगायचं थांबलात तर त्या पितील, मला वाटायलंय.” भोकापलीकडे शरणव्वाही कान देऊन होती. मी पट्टी बांधली. कापसाचा भाव विचारला. मुलींच्या शाळेचं विचारलं. पेटी बंद केली, उठले, उंबऱ्यापर्यंत गेले. मग वळले.

“मावशी,” मी म्हणाले.

“आलं बघ,” कोंडाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, आणि पलीकडून शरणव्वाचं हसू ऐकू आलं.

येत्या गुरुवारी जायचं आहे. टाच बांधायची, आणि काही न सांगता उंबरा ओलांडायचा. हे काम अजून झालेलं नाही.